दुष्काळातला नेम : भीमथडी-इंदापूरच्या ख्रिस्ती उपासनेचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, नीरा आणि भीमा या नद्यांच्या बेचक्यात, बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. आज त्यांचे नाव काढले की ऊस, साखर कारखाने, द्राक्षे आणि डाळिंबे डोळ्यांपुढे येतात. ही समृद्धी कालव्याच्या पाण्याने आणली. आभाळाने ती कधीच दिली नव्हती. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचाही भरवसा नसतो. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने इथे बसवलेला शेतसारा रयतेला इतका जड गेला की शेते ओस पडली. अखेर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातूनच नव्या पाहणीला सुरुवात केली. पुढे मुंबई इलाख्याची जमीनमहसुलाची पद्धत त्यातूनच उभी राहिली. सावकारांच्या खतपत्रांची होळी करणारा १८७५ चा उठाव सुप्यात पेटला, आणि ते सुपेही बारामती हे मुख्य ठाणे असलेल्या तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातलेच. सारा, सावकार आणि कोरडे आभाळ या तिन्हींनी पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या या मुलखात गेल्या दीडशे वर्षांत ख्रिस्ती श्रद्धेने जे मूळ धरले, त्याचा इतिहास बहुतेक वेळा दोनच प्रकारे सांगितला जातो. श्रद्धावंत तो जागृतीच्या आणि चमत्काराच्या प्रसंगांतून सांगतात. टीकाकार तो दुष्काळात वाटलेल्या धान्यातून सांगतात. दोन्ही सांगण्यांत खरी गोष्ट निसटते, असे मला वाटते. वाईट काळात या माणसांना उभे ठेवले ते रोजच्या उपासनेने: दिवेलागणीला घरात म्हटलेल्या गीताने, ऐकून पाठ केलेल्या शास्त्रवचनाने आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी तेच करण्याच्या नेमाने.

ही कल्पना ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मुळाशीच आहे, आणि ती सुखवस्तू माणसांची नाही. निर्गमाच्या पुस्तकात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मान्ना मिळतो तो एकेका दिवसापुरता; उद्यासाठी साठवून ठेवला की त्यात किडे पडतात. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा आहे. यरुशलेमाची राखरांगोळी झाल्यावर लिहिलेल्या विलापगीतात, शोक अगदी टोकाला गेला असताना, देवाची दया रोज सकाळी नवी होते हा विचार येतो. पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हणतो की शरीर झिजत असले तरी आतला माणूस दिवसेंदिवस नवा होत जातो. हे लिहिणारा माणूस छळ, तुरुंग आणि जहाजफुटी सोसून बसला होता. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजच्यापुरती. नवेपण एकदाच मिळवून पेटीत ठेवता येत नाही, ते रोज घ्यावे लागते, ही शिकवण ज्यांच्या घरात उद्याचे धान्य नाही अशांसाठीच दिलेली आहे. भीमथडी आणि इंदापूरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागली नसेल, कारण आजचे आज भागवायचे हे त्याचे जगणेच होते.

ते जगणे १८७६-७७ च्या दुष्काळात किती खाली गेले, हे सरकारी मजुरीच्या दरावरून कळते. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने दुष्काळी कामांवरची मजुरी कमी करण्यात आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या गड्याला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळावेत, असा हिशेब होता. इतक्यात अंगमेहनत होत नाही म्हणून हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. दौंड-मनमाड लोहमार्ग आणि नीरेचा डावा कालवा ही त्याच काळात दुष्काळी मजुरांच्या हातांनी सुरू झालेली कामे. आज ज्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे, त्या पाण्याची वाट अर्धपोटी माणसांनी खोदली आहे. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्याबरोबर प्लेग आला, १८९९-१९०० चा दुष्काळ आला, १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. एका माणसाच्या आयुष्यात चार मोठ्या आपत्ती आल्या. अशा काळात एखाद्याच दिवशी भरून येणारी श्रद्धा पुरत नाही, कारण संकट एका दिवसाचे नसते. ते रोज सकाळी नव्याने दारात उभे राहते.

या मातीत रोजच्या नेमाची सवय ख्रिस्ती धर्माने आणली नाही; ती इथे आधीपासून होती, आणि माझ्या म्हणण्यात या मुद्द्याला मोठे स्थान आहे. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर या वाटेने पंढरपूरला जाते. वारी वर्षातून येते, पण वारकऱ्याचा हरिपाठ रोजचा असतो. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवीत आपले सुखदुःख घालून देवाला हाक मारते, तीही रोजच. कवी मोरोपंतांनी आपले आयुष्य ज्या बारामतीत काढले, तिथे कथा-कीर्तनाचे संस्कार आधीच होते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनने एकोणिसाव्या शतकात इंदापूरकडे लक्ष वळवले, अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर आणि शिरूरच्या बाजूने काम केले, तेव्हा परदेशी चालीच्या गीतांनी खेड्यातली मने फारशी हलली नाहीत. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी आणि पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन या घडणीत ख्रिस्ताची कथा बसवली, तेव्हा ती उपासना लोकांची झाली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक सांगत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी मंडळीला तिच्याच भाषेतला नेम दिला.

तो नेम प्रत्यक्षात कसा असतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. रानातून माणसे परततात, चूल पेटते, दिवा लागतो, आणि जेवणाआधी किंवा जेवणानंतर घर एकत्र बसते. कुणी एखादे गीत धरते, टाळ असले तर वाजतात, नसले तर हात वाजतात. वाचता येणारा एखादा मुलगा किंवा सून शास्त्रातला उतारा वाचते. मग घरातला मोठा माणूस आजारी जनावरापासून उसनवारीच्या पैशापर्यंत सगळे देवापुढे मांडतो, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणतात. अर्ध्या तासात हे आटोपते. याला पाळक लागत नाही, देऊळ लागत नाही, पैसा तर लागतच नाही. जिथे अक्षरओळख नव्हती तिथे गीत हेच पुस्तक झाले. दारोदार फिरणाऱ्या बायबलबाईने शिकवलेली वचने बायांनी पाठ करून ठेवली. गावाला मंडळीची इमारत नसेल, पगारी प्रचारक निघून गेला असेल, तरी ही अर्ध्या तासाची बैठक चालू राहू शकते. विपत्तीत जे टिकते ते स्वस्त असते आणि घरात असते. या उपासनेचे बळ तिच्या साधेपणातच होते.

याचा सर्वांत मोठा पुरावा तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातच, दौंडच्या अंगाला, केडगावी आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला आणले आणि मग केडगावला जमीन घेऊन मुक्ती सदन उभे केले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी स्वतः आईवडील आणि बहीण गमावली होती. उपास म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. १८९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो मुली घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या, आणि आश्रमातल्या बायामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात पोचली. त्यातल्या कितीतरी मुली मरणाच्या दारातून परतलेल्या, विटंबना सोसलेल्या, माणसांवरचा विश्वास उडालेल्या होत्या. रमाबाईंनी त्यांना दिलासा दिला तो दिवसाच्या घडणीतून. प्रार्थना, शाळा, विणकाम, तेलाचा घाणा, शेती, छापखाना, पुन्हा प्रार्थना, असा तो दिवस होता. विहिरी खोदल्या, झाडे लावली. पहाटेची प्रार्थना झाली की मोटेवर किंवा मागावर जायचे, हे त्या मुलींच्या अंगवळणी पडले. ज्यांचे आयुष्य एका दुष्काळाने उधळून टाकले होते, त्यांना उद्याही सकाळ होईल आणि त्या सकाळी आपल्याला काही काम असेल, एवढा भरवसा मिळणे हेच मोठे पुनरुत्थान होते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. केडगावचे नाव जगात गाजले ते १९०५ च्या आध्यात्मिक जागृतीमुळे. ती जून महिन्याच्या अखेरीस एकाएकी उसळली, मुली रडू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या, रात्र रात्र प्रार्थना चालली. मग नवजीवन प्रसंगातूनच येते असे नाही का झाले? घटनांचा क्रम पाहिला की उत्तर मिळते. त्या वर्षाच्या जानेवारीतच रमाबाईंनी रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे असे विचारले होते. सुरुवातीला सत्तर जणी पुढे आल्या. वाढत वाढत ती संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्या दिवसातून दोनदा जमू लागल्या. म्हणजे लोकांच्या डोळ्यांत भरलेल्या त्या रात्रीमागे जवळजवळ सहा महिन्यांचा रोजचा नेम होता. पाऊस पडला की पीक दिसते, पण आधी नांगरट झालेली असावी लागते. आणि जागृतीचा भर ओसरल्यावर काय उरले, हेही पाहिले पाहिजे. मुली गटागटाने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या, आणि स्वतः रमाबाई बायबलच्या भाषांतराला बसल्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे हे काम वर्षानुवर्षे चालले. कान जवळजवळ गेलेले, शरीर थकलेले, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेलेली. तरी ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटेपर्यंत त्यांनी ते सोडले नाही. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एवढे दुःख पोटात घालून रोज ठरावीक ओळींचे काम करणे भावनेच्या लाटेवर जमत नाही. त्याला रोज नव्याने भरणारा झरा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. दुष्काळात धर्म बदलणारी माणसे पोटासाठी आली, त्यांच्या श्रद्धेचे कौतुक कशाला, असे म्हटले जाते. भुकेने माणसे मिशनच्या दारात आली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि भुकेल्याने भाकरीच्या दारात जाण्यात लाज कसली? पण धान्यवाटप पाऊस पडला की थांबते. श्रद्धा केवळ धान्याची असती, तर पुढच्या सुगीला ती संपायला हवी होती. काहींची संपलीही; कितीतरी जण आपापल्या गावी आणि जुन्या देवांकडे परत गेले. जे राहिले त्यांना मात्र राहण्यात फायदा नव्हता. गावकीत आधीच खालचे स्थान, त्यात भाऊबंदांनी तोडलेले संबंध. स्वातंत्र्यानंतर तर हिशेब उलटा झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्त्यांना मिळाला नाही. म्हणजे महार-मांग समाजातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला आपला धर्म उघडपणे सांगण्याची किंमत शिष्यवृत्तीत आणि नोकरीत मोजावी लागली. अशा स्थितीतही जी घरे उपासना करत राहिली, त्यांच्यावर पोटार्थीपणाचा शिक्का बसत नाही. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ही याच बाजूने साक्ष देतात. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी पाच वर्षे स्वतःचा धर्म सोडला नाही. १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने. नंतरही दारिद्र्य, प्लेगच्या छावणीतले दिवस, आणि हातचे सगळे देऊन टाकणारा नवरा हे त्यांनी काही न लपवता लिहिले. मिशनच्या अहवालांवर कुणी अविश्वास दाखवला तर समजू शकते. या बाईच्या रोखठोकपणावर अविश्वास दाखवणे कठीण आहे.

बारामतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या पंथाचे मिशन आले. स्ट्रटन दांपत्याने तिथे काम उभे केले. पुढे श्रीगोंदा, इंदापूर तालुक्यातले डिकसळ आणि दौंड इथेही ठाणी झाली. या पंथाच्या दोन गोष्टी आपल्या विषयाशी थेट भिडतात. मोठ्या वयात, समजून उमजून, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्यायचा ही एक, आणि प्रभुभोजन दर रविवारी घ्यायचे ही दुसरी. दीक्षित पाळकाची वाट न पाहता मंडळीतली साधी माणसे ते चालवू शकतात. दूर दूर विखुरलेल्या, पगारी पाळक न परवडणाऱ्या छोट्या मंडळ्यांना ही रीत फार उपयोगी आहे, कारण उपासनेचा भार शेतमजूर आणि शिक्षक यांच्या खांद्यावर येतो, आणि ज्याच्यावर भार असतो तो सहसा गैरहजर राहत नाही. मात्र याच मिशनच्या इतिहासात तिसऱ्या आक्षेपाची जागाही आहे. सरकारने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्यासाठी बारामतीत वसाहत होती आणि तिचा कारभार मिशनकडे होता. अशा वसाहतींत हजेरी होती, परवानगीशिवाय बाहेर जाता येत नव्हते, माणसाला त्याच्या जातीवरून कैद होती. तो कायदा अन्यायी होता, आणि प्रार्थनेची घंटा हजेरीच्या घंटेशेजारी वाजावी ही ख्रिस्ती माणसाने मान खाली घालून मान्य करण्याची गोष्ट आहे. सक्तीने बसवलेली उपासना आत्म्याला नवे करत नाही. पण म्हणूनच माझा मुद्दा वसाहतीच्या वहीवर उभा नाही. देशभर तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, वसाहतींतली माणसे मोकळी झाली, परदेशी मिशनरीही पुढच्या काही दशकांत निघून गेले. घंटा वाजवणारे कुणी उरले नाही, त्यानंतरही ज्या घरांत दिवेलागणीला गीत म्हटले गेले, त्या घरांचा नेम स्वतःचा होता. श्रद्धेची पारख सक्ती संपल्यावरच होते.

चौथा आक्षेप विचारी माणसे घेतात: रोजची प्रार्थना माणसाला सोसायला शिकवते, आणि जो सोसायला शिकतो तो सावकाराविरुद्ध, सरकारविरुद्ध उठत नाही. सुप्यात वही जाळणारे लोक प्रार्थना करत बसले असते तर त्यांचे कर्ज हलले असते का? हा धोका खरा आहे, आणि काही प्रवचनांनी तो वाढवलाही आहे. पण या मुलखातला प्रत्यक्ष अनुभव वेगळे सांगतो. रमाबाई प्रार्थनेतून उठून विहिरी खोदत होत्या. प्लेगच्या काळात पुण्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी सरकारला जाहीर बोल लावले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७२ च्या दुष्काळात बारामतीच्या जिरायती भागात पाझर तलाव बांधले गेले, तेव्हा मजुरांच्या मोबदल्याचे धान्य ‘कासा’ या भारतीय चर्चच्या मदतसंस्थेकडून आले. त्या तलावांत साठलेले पाणी सगळ्या जातीधर्मांच्या विहिरींत झिरपले. १८७७ मध्ये याच भागात मजुराला उपाशी ठेवणारे काम सरकारने काढले होते. शंभर वर्षांच्या आत कामाबदली पोटभर धान्य देणारी व्यवस्था इथे उभी राहिली, आणि तिच्यात ख्रिस्ती माणसांचा हात होता. आतून मोडलेला माणूस अन्यायाशी लढू शकत नाही, तलावही खोदू शकत नाही. जो रोज सकाळी उभा राहतो, त्याच्याकडूनच या दोन्ही गोष्टी होतात.

या सगळ्यातून मी एक निष्कर्ष काढतो आणि त्याची मर्यादाही मान्य करतो. बारामती-इंदापुरात ख्रिस्ती लोक थोडे आहेत. या भागाच्या इतिहासाचे मुख्य प्रवाह वारकरी परंपरेने, सत्यशोधक आणि आंबेडकरी चळवळींनी, सहकाराने घडवले. पण लहान समाजाचा इतिहास मोठा प्रश्न सोडवायला मदत करतो. श्रद्धेने संकटात माणूस तगतो, एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या श्रद्धेने, हे विचारावे लागते. इथला पुरावा सांगतो की जी श्रद्धा घरात आली, लोकांच्या चालीवर गायली गेली, कुणा एकाच्या हाती राहिली नाही, सक्तीशिवाय चालली आणि कामाशी जोडलेली राहिली, तीच तगली. आज कालव्याच्या शेपटाकडच्या गावांत पाण्याची तीच ओढाताण आहे, कर्जाचा बोजा आहे, तरुण पोरे पुण्याच्या कारखान्यांत पांगली आहेत, आणि संध्याकाळी घर एकत्र बसणे अवघड झाले आहे. अशा वेळी मंडळ्या मोठे मंडप आणि तीन दिवसांच्या महासभा भरवतात. त्यांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. पण त्या मंडपाचा खर्च आणि उत्साह जर प्रत्येक घरातल्या अर्ध्या तासाच्या बैठकीला मिळाला, आईला गीत आणि मुलाला वचन पाठ असेल, तर पुढचा दुष्काळ या घरांना पूर्वीइतका एकटा गाठणार नाही. रोजच्या भाकरीची काळजी करणाऱ्या माणसांनी रोजच्या उपासनेची काळजी केली, म्हणून ही मंडळी आजवर उभी आहे. ती पुढेही उभी राहावी असे वाटत असेल तर तिने हा वारसा इमारतींच्याही आधी जपला पाहिजे.